रडारवरचा ठिपका आणि माझा जबाब

गावात मला अजून विमानवाला म्हणतात. नोकरी सोडून सात वर्षं झाली. कुरुंद्याच्या अलीकडे आमची पाच एकर जमीन आहे, तिच्यात मी आता सगळ्यांसारखी हळद लावतो, तरी ते नाव काही सुटलं नाही. त्याला कारण माझे वडील. मी हवाई दलात लागलो त्या वर्षापासून ते वसमतच्या बस स्टँडवर ओळखीच्या-अनोळखी माणसाला सांगायचे, "आमचं पोरगं इमान चालवून राहिलं." मी सुट्टीवर आलो की त्यांना समजावायचो, मी पायलट नाही, फ्लाइट इंजिनिअर आहे. ते म्हणायचे, "बसतोस तर इमानातच ना?"

बसायचो विमानातच. दोन पंख्यांचं मालवाहू विमान. पुढे दोन पायलट, त्यांच्या मधे किंचित मागे एक घडीचं आसन, ते माझं. इंजिनांचं तापमान, तेलाचा दाब, इंधन, ह्या सगळ्यांच्या तबकड्यांवर नजर ठेवायची. कॅप्टनच्या पाठीमागे डाव्या बाजूला नेव्हिगेटर बसायचा, म्हणजे वाट दाखवणारा अधिकारी. त्याच्याजवळ रडारचा पडदा असायचा आणि शेजारी बाहेरच्या बाजूला फुगवलेली गोल काच, तिच्यात डोकं घातलं की खालपर्यंत सगळं दिसायचं.

शेवटच्या तुकडीत आमचा जो नेव्हिगेटर होता तो विदर्भातला. माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी लहान, पण हुद्द्याने अधिकारी. मी त्याला सर म्हणायचो, तो मला दादा. अधिकाऱ्याने सार्जंटला दादा म्हणणं तिथे रूढ नव्हतं, पण आजूबाजूला मराठी कळणारं कुणी नसलं की तो म्हणायचाच. आईने पाठवलेली सांडगी मिरची तो रुमालात बांधून आणायचा आणि उड्डाणाच्या आधी अर्धी मला द्यायचा. त्याचं काम फार नेटकं. पेन्सिलीने नकाशावर रेघ मारली तर ती छापल्यासारखी. एखाद्या गोष्टीची खात्री नसली तर तो सरळ म्हणायचा, "खात्री नाही." हे सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात ह्याच माणसाच्या खात्रीवर शंका घेतली गेली.

त्या दिवशी आम्ही समुद्रावरून एका बेटाकडे चाललो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. मागे सामान होतं, सातआठ जवान होते. वारा नाही, ढग नाही, खाली नुसतं निळं पाणी. अशा उड्डाणात माणसाला कंटाळा येतो. कॅप्टन उठून मागे गेले, विमान सहपायलटकडे दिलं. सहपायलट उजवीकडे, विमान ऑटोपायलटवर टाकून, मान खाली घालून नोंदवहीत काहीतरी लिहीत होता.

तेवढ्यात माझ्या हेडफोनमध्ये नेव्हिगेटरचा आवाज आला. तो मराठीत बोलला, सहपायलटला ती कळत नसे.

"दादा, पुढे डावीकडे काही दिसतंय का?"

"काय असणार, सर?"

"पडद्यावर ठिपका आहे. चाळीस किलोमीटरवर. जहाज म्हणावं तर आपल्याबरोबर येतोय."

आमचं रडार तसं हवामानाचं. ढग दाखवायचं, बेटांचे किनारे दाखवायचं, कधीतरी मोठं जहाज. दुसरं विमान शोधायला ते नव्हतंच. त्यामुळे मी फार मनावर घेतलं नाही. पण पाचेक मिनिटांनी तो पुन्हा म्हणाला, "तीनवर आला. दादा, जरा उठून बघा."

मी उठलो, कॅप्टनच्या रिकाम्या आसनावरून वाकलो आणि डाव्या काचेतून बाहेर पाहिलं.

ते होतं. आमच्याहून जरा खाली, पाण्याच्या बरंच वर. लांबट, दोन्ही टोकं गोल. पंख नाहीत, शेपूट नाही, मागे धूर नाही. घासून घासून चमक गेलेल्या पातेल्याचा जो रंग असतो, तसा रंग. ते किती मोठं होतं ते सांगता येणार नाही, कारण समुद्रावर माप घ्यायला शेजारी काही नसतं. पण ते स्थिर होतं, आणि आमच्याच वेगाने येत होतं. मी मागे वळून पाहिलं. नेव्हिगेटर गोल काचेला नाक लावून बसला होता. त्याने मान वळवली, आमची नजरानजर झाली. दिसतंय ना, असं त्याचा चेहरा विचारत होता. 

सहपायलटने ठरल्या जागी विमान थोडं उजवीकडे वळवलं. त्यानंतर, क्षणभर थांबून, तेही वळलं.  ढग असता, फुगा असता, उन्हाचा भास असता, तर आमच्या वळण्याशी त्याला काय घेणं?

बेटावरच्या रडारवाल्याचा रेडिओवर आवाज आला. तुमच्याबरोबर दुसरं कुणी आहे का, असं त्याने विचारलं. सहपायलटने मान वर केली, आपल्या उजव्या बाजूच्या काचेतून पाहिलं आणि नाही म्हणून सांगितलं. मी तोवर माझ्या जागेवर येऊन बसलो होतो. का बसलो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कॅप्टन परत येताना दिसले आणि मी शाळेतल्या पोरासारखा जागेवर बसलो, एवढंच खरं.

कॅप्टननी पडद्यावर नजर टाकली. ठिपका अजून होता. "रडार बिघडलंय, उतरल्यावर तपासून घ्या," ते म्हणाले. त्यांनी बाहेर पाहिलं तेव्हा डावीकडे काही उरलं नव्हतं. अर्ध्या मिनिटात पडदाही कोरा झाला.

उतरल्यावर रडार तपासलं. त्यात काही बिघाड निघाला नाही.

तिथेच सगळं संपलं असतं. पण नेव्हिगेटरने उड्डाणाच्या अहवालात लिहिलं. चार ओळीच लिहिल्या असतील, पण लिहिल्या. मग रीतसर चौकशी आली. कुणी दरडावलं नाही, कुणी दबाव आणला नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण असली गोष्ट सांगितली की लोकांना वाटतं वरून दाबलं असेल. चौकशी करणारे अधिकारी मवाळ, चष्मा लावणारे, आम्हाला चहा पाजणारे होते. एकेकाला आत बोलवून त्यांनी विचारलं. कॅप्टन म्हणाले, पडद्यावर ठिपका पाहिला, बाहेर काही नाही. सहपायलट म्हणाला, मी लिहीत होतो. बेटावरच्या नोंदीत काही वेळ एक खूण दिसली असं होतं, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

माझी पाळी आली.

"तुम्ही बाहेर काही पाहिलंत?"

मी म्हणालो, "नाही, सर. मी तबकड्यांकडे पाहत होतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "घाई नाही. संध्याकाळपर्यंत विचार करा. काही आठवलं तर येऊन सांगा."

मी बाहेर आलो. संध्याकाळपर्यंतचा वेळ माझ्याकडे होता. मी खोलीत जाऊन बूट पॉलिश केले, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या, आणि गेलो नाही.

कारण काय होतं ते आता लपवण्यात अर्थ नाही. त्या वर्षी माझा डावा डोळा मला दगा द्यायला लागला होता. ऊन तिरपं आलं की बारीक अक्षरं पुसट व्हायची. मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आकाशात काहीतरी पाहिलं म्हणालो तर पहिल्यांदा डोळेच तपासतील, आणि डोळा सापडला की उड्डाण बंद. जमिनीवर कागद हलवत बसायचं. वडील स्टँडवर काय सांगणार होते मग? हा विचार हास्यास्पद आहे हे मला कळतं. पण त्या दिवशी त्या खोलीत मला खरोखर वसमतचा बस स्टँड दिसत होता.

ज्याची मला भीती वाटत होती ते सगळं नेव्हिगेटरच्या वाट्याला आलं. एकट्याने पाहिलं म्हटल्यावर नियमाप्रमाणे त्याला तपासणीला पाठवलं. डोळे, कान, मग मेंदूचा फोटो, मग मनाच्या डॉक्टरकडे. कशात काही निघालं नाही. पण निघालं नाही म्हणजे संपलं असं नसतं, काही महिने निगराणीखाली ठेवतात, तोवर उड्डाण नाही. तुकडीतल्या मुलांनी त्याची चेष्टा सुरू केली. वाईट हेतूने नाही, जवान लोक करतात तशीच. तो जेवायला आला की कुणीतरी छताकडे बोट दाखवायचं. तो हसायचा. मग त्याने मेसमध्ये येणं कमी केलं.

त्या काळात तो मला एकदाच एकटा भेटला, दुरुस्तीच्या शेडमागे. मी मान खाली घातली. तो म्हणाला, "दादा, मिरची संपली. आई आजारी आहे, पुन्हा पाठवेल असं वाटत नाही." एवढंच. त्या दिवसाबद्दल शब्द नाही. मी आईची चौकशी केली आणि काम आहे म्हणून निघालो.

वर्षभरात त्याने उड्डाण कायमचं सोडलं, कचेरीतलं काम मागून घेतलं आणि नंतर नोकरीच सोडली. माझा डोळा त्या चौकशीनंतर दीड वर्षात सापडला. साध्या वार्षिक तपासणीत. मीही जमिनीवर आलो. म्हणजे ज्यासाठी खोटं बोललो, ते दीड वर्षच टिकलं.

मी निवृत्त होऊन गावी आलो. वडील दोन वर्षांनी गेले. शेवटपर्यंत ते मला पायलट समजत होते.

मी हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते गेल्या माघात, आणि त्याला निमित्त घडलं ते असं.

आमच्या भागात जमिनीतून आवाज येतात. लांब कुठेतरी सुरुंग उडवल्यासारखा गडगडाट होतो, पत्रे थरथरतात, मांडणीतली भांडी वाजतात आणि थांबतं. कधी वर्षभर काही नसतं, कधी आठवड्यात दोनदा. लोक बाहेर येतात, एकमेकांना विचारतात आणि पुन्हा कामाला लागतात. त्या दिवशी पहाटे मी शेतात होतो, कारण हळद शिजवायचा बॉयलर आम्हाला तेव्हाच मिळाला होता. उजाडता उजाडता पहिला आवाज झाला, मोठा. सगळ्या गावाने ऐकला. मग थोड्या अंतराने आणखी दोन, हलके. बॉयलरवरच्या माणसाने ते ऐकले नसावेत, तो भट्टीत लाकडं सारत होता. मी बांधावर बसलो होतो. ते मला आधी पायाला कळले, मग कानाला.

दुपारी तालुक्याहून एक कर्मचारी आवाजाची नोंद घ्यायला आला. ग्रामपंचायतीसमोर माणसं जमली, तो वहीत लिहून घेऊ लागला. किती वाजता, कुठल्या दिशेने, किती वेळा. सगळे म्हणाले, एकदा. गावाच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहते, नात्याने माझी चुलती लागते. ती मागून म्हणाली, "एकदा न्हाई बाबा. तीनदा झाला."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "काकी, तुमाला रोजच ऐकू येतंय."

"येतंय तर येतंय म्हणते," ती म्हणाली. "मी भुईवर निजते. तुमी पलंगावर."

कर्मचाऱ्याने पेन उचलून विचारलं, "आणखी कुणी तीनदा ऐकला का?"

 चुलतीने इकडे तिकडे पाहिलं. ती ओशाळली नव्हती, पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. मी ते गोल काचेजवळ पाहिलं होतं.

"मी ऐकला," मी म्हणालो. "तीनदाच. नंतरचे दोन हलके होते."

कर्मचाऱ्याने मान डोलावली आणि लिहिलं. संपलं. कुणी हसलं नाही, कुणी माझे डोळे तपासायला निघालं नाही. चुलती म्हणाली, "बघा, विमानवाला बी म्हणून राहिला," आणि काठी टेकत घरी गेली.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतकं सोपं होतं ते. दोन शब्द. घरी येऊन मी ओसरीवर बसलो तो उठलोच नाही. बायकोने चहा आणून ठेवला, त्यावर साय आली, तरी मी तसाच.

"काहून गप बसलेत?" तिने विचारलं. "त्या आवाजाचं घेतलं व्हय मनावर?"

मग मी तिला सगळं सांगितलं. ठिपका, काच, चौकशी, बूट पॉलिश, सगळं. ती शेंगा निवडत होती, हात न थांबवता ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं, "ते काय व्हतं मग?"

"माहीत नाही."

"आजपर्यंत न्हाई?"

"नाही."

"मंग माहीत न्हाई म्हणायचं ना. न्हाई पाहिलं काहून म्हणालात?" तिने सूप खाली ठेवलं. "त्या माणसाला फोन करा."

त्याचा नंबर शोधायला आठ दिवस गेले. जुन्या तुकडीतल्या एकाकडून दुसऱ्याकडे, असं करत मिळाला. तो आता त्याच्या गावाजवळच्या शहरात एका खासगी शाळेत गणित शिकवतो. मी दुपारी फोन लावला. माझा आवाज त्याने लगेच ओळखला.

"दादा, बोला."

मी पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "सर, त्या दिवशी मी पाहिलं होतं."

तिकडून मुलांच्या खेळण्याचा आवाज येत होता. मधली सुट्टी असावी. तो म्हणाला, "मला माहीत आहे. मीच तुम्हाला उठून बघायला सांगितलं होतं."

"तुम्ही चौकशीत ते सांगितलं का नाही?"

"तुमचं तुम्ही सांगाल असं वाटलं. तुमच्या वतीने मी कसं सांगणार? आणि तुमच्या डोळ्याचं मला ठाऊक होतं. तुम्ही तबकड्या वाचताना मान तिरकी करायचात."

हे मला नवीन होतं. म्हणजे त्याने जाणूनबुजून माझा उल्लेख टाळला होता. माझ्या एका वाक्याने त्याची सगळी तपासणी टळली असती, आणि ते वाक्य तो माझ्यासाठी राखून वाट पाहत बसला होता.

मी माफी मागितली. तो "ठीक आहे" म्हणाला नाही. म्हणाला, "लिहून पाठवा. जे पाहिलं तेवढंच. जास्त नको, कमी नको."

मी तीन दिवस लिहीत होतो. दोनदा फाडलं, कारण पहिल्यांदा त्यात माझं रडगाणं फार आलं आणि दुसऱ्यांदा ती वस्तू जरा जास्तच चकचकीत झाली. तिसऱ्यांदा दोन पानांत बसलं. खाली सही केली, जुना हुद्दा लिहिला आणि वसमतला जाऊन रजिस्टर पोस्टाने टाकलं.

पंधरा दिवसांनी फोन आला तो त्याच्या पत्नीचा. आधी कधी बोललो नव्हतो. त्यांनी नमस्कार केला, ओळख सांगितली आणि म्हणाल्या, "तुमचं पत्र मी वाचलं. ह्यांनीच वाचायला दिलं."

मी हो म्हणालो.

"आमचं लग्न ते उड्डाण बंद झाल्यावर झालं. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, असं असं घडलं म्हणून. मी हो म्हणाले. पण भाऊ, खरं सांगते, मी इतकी वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवून होते. ते गच्चीवर जाऊन उभे राहिले तरी मी मागून बघायची. पोरांना त्यांच्याकडे ठेवून माहेरी जायला मला भीती वाटायची. त्यांना ते कळत होतं." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

मी डोळ्याचं सांगितलं. सांगताना माझ्याच कानांना ते किती तोकडं वाटत होतं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "बरं." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर नेव्हिगेटरचा फोन एकदाच आला. आम्ही हळद वाळत घातली होती, मी खराट्याने ती पसरवत होतो. त्याने हवापाणी विचारलं नाही.

"दादा, एकच विचारायचं होतं. तुम्ही लिहिलंय, ते वळलं. आपण वळण्याच्या आधी, की नंतर?"

"नंतर, सर. आधी आपण."

"किती नंतर?"

मी खराटा टेकवून आठवायचा प्रयत्न केला. "तीन-चार आकडे मोजावेत इतकं."

"मी चार लिहिलं होतं," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "आपण वळतोय हे पाहून ते वळलं असणार ना?"

"मला तसंच वाटलं, सर. पण खात्री नाही."

"हं. खात्री मलाही नाही."

त्याने फोन ठेवला. मी पुन्हा लावणार होतो, लावला नाही. आता त्याला आठ-नऊ महिने होऊन गेले. दिवाळीला मी त्याला संदेश पाठवला, त्याने उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ह्याहून जास्त आमच्यात काही होईल असं मला वाटत नाही, आणि मी त्याच्याकडून मागावं असंही काही उरलेलं नाही. मी शेतात असलो आणि वरून एखादं विमान गेलं की बायको हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहते. मी वर पाहतो. डाव्या डोळ्याला आता सगळंच धूसर दिसतं, म्हणून उजव्याने पाहतो, आणि ते आवाजासकट नाहीसं होईपर्यंत पाहत राहतो.